तलावाकाठच्या साध्या कॅम्पवर कॅम्परव्हॅनचा एका रात्रीचा मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचं जोडपं आणि सोबत ७२ वर्षांचे वडील. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेतली आहे आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नागझिऱ्याला निघायचं आहे. साकोलीच्या अलीकडे एका लहान गावात, मामा तलावाच्या (धानासाठी बांधलेल्या जुन्या तलावाच्या) काठाशी, कॅम्पिंगची साधी जागा मिळाली आहे. मालक फोनवर म्हणतात, "सगळी सोय आहे जी, तुम्ही फक्त या." सोय म्हणजे मोकळं मैदान, एक प्लग, दोन सामाईक संडास, एक न्हाणीघर आणि सिमेंटची टाकी. दुसऱ्या दिवशी पहाटे पिटेझरी गेटवरून सफारी आहे. एवढ्यावर रात्र निघेल का, आणि आधी काय विचारून घ्यावं?

रात्र निघेल, आणि मजेत निघेल. फक्त त्या जागेकडून तीनच गोष्टींची अपेक्षा ठेवा: चाकाखाली कडक जमीन, रात्री हाक मारली तर ओ देणारा माणूस आणि स्वच्छ संडास. वीज, पाणी, गारवा, उजेड हे सगळं एका रात्रीपुरतं गाडीतच असलं पाहिजे. प्लग चालला तर वरकमाई समजायची. नागपुरात मी अशा गाड्यांचं आतलं काम करतो आणि त्या घेऊन विदर्भभर फिरतोही. त्यावरून सांगतो, लोकांचे मुक्काम बिघडतात ते जागा साधी असल्यामुळे नाही. सगळा भरवसा त्या एका प्लगवर टाकलेला असतो, म्हणून बिघडतात.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या आदल्या वर्षी कृषी पर्यटनाचं. पण गावात गेल्यावर भेटतो तो शेताचा एक तुकडा सपाट करून तंबू लावणारा शेतकरी. त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक तंबूत झोपणारे. तीन टनांहून जड गाडी त्याच्या मैदानावर उभी राहील, रात्रभर वीज ओढेल आणि सकाळी मैल्याची पेटी रिकामी करायला मागेल, हे त्याच्या डोक्यात नसतं. म्हणून फोनवर "सोय आहे का?" असं विचारू नका. त्याला उत्तर "आहे" असंच येणार. आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही. "मैदानावर भरलेला ट्रॅक्टर फिरतो का?", "रात्री लाइन किती वेळ जाते?", "संडासात भारतीय भांडं आहे की कमोड?", "त्या रात्री गावात लग्न आहे का?" असं एकेक विचारा. शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण मार्चअखेर ते मे म्हणजे आमच्याकडे लग्नांचा हंगाम. कॅम्प आणि लग्नाचा मंडप यांच्यात एकच बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं लहान शेत, असली, तर डीजे तुमच्या उशाशीच. हिवाळ्यात आला असता तर झाडीपट्टीतलं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, रात्रभर चालणारं नाटक हेच जागरणाचं कारण झालं असतं, पण ते जागरण मी आनंदाने सोसलं असतं.

आता वीज, कारण पैसे आणि जीव दोन्ही इथे अडकतात.

खेड्यात घरांची वीज गावठाण फीडरवर असते आणि शेतीपंपांची शेती फीडरवर. शेतीला थ्री-फेज साधारण आठ तास मिळते. काही ठिकाणी ती पाळीने दिवसा किंवा रात्री येते, तर आता सौर प्रकल्पांमुळे बऱ्याच ठिकाणी दिवसाच. तुमची कॅम्पची जागा तलावाकाठी, म्हणजे शेतात. तिथला प्लग गावठाण फीडरवर आहे की मोटारीच्या जोडणीवर, हे मालकाला विचारा; त्याला ते पक्कं माहीत असतं. मोटारीच्या लाइनवर असेल तर पाळी संपली की प्लग मेला. आणि पाळी सुरू होते तेव्हा शिवारातल्या सगळ्या मोटारी ऑटो-स्टार्टरवर असल्यामुळे एकदम सुरू होतात, दाब धाडकन खाली येतो. उन्हाळी धानाला या दिवसांत पाणी चालूच असतं. दाब १७०-१८० व्होल्टपर्यंत उतरलेला मी पुष्कळ जागी मोजला आहे. तेवढ्यावर एसीचा कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, फिरत नाही आणि तापतो. रात्री उशिरा पंप बंद झाले, गाव झोपलं, की तोच दाब २५० च्या वर चढतो.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. रोहित्रावरून येणारी न्यूट्रलची तार वाऱ्याने सुटली किंवा सांध्यात जळाली, की एका फेजवरच्या प्लगला २३० च्या जागी ३००, कधी त्याहूनही जास्त व्होल्ट येऊ शकतात. चार्जर, फ्रीज, टीव्ही एका क्षणात जातात. यावर उपाय स्वस्त आहे. गाडीत वीज शिरते तिथेच कमी-जास्त दाबाला आपोआप तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. खाली १८० आणि वर २६० च्या आसपास ठेवा आणि पुन्हा जोडायला दोन-तीन मिनिटांचा उशीर द्या. स्टॅबिलायझर त्याच्या मागे लावायचा असेल तर लावा, पण प्रोटेक्टर आधी.

दुसरी गोष्ट अर्थिंग. गाडी रबरी टायरवर उभी असते, म्हणजे पत्र्याचं अख्खं धूड जमिनीपासून तुटलेलं. आत कुठे गळती झाली आणि प्लगला अर्थ नसेल, तर पूर्ण बॉडी जिवंत होते. आत बसलेल्याला काही कळत नाही. पहाटे दवाने ओल्या गवतावर अनवाणी उतरून दाराची कडी धरणाऱ्याला कळतं, आणि तुमच्या बाबतीत तो माणूस बहुधा वडीलच असतील, कारण सगळ्यांत आधी तेच उठणार. खेड्यातल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये तिसरं भोक असतं, पण त्यामागे तार असेलच असं नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो. तो आधी खुपसा. अर्थ नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, हे तो लगेच सांगतो. अर्थ नसेल तर गाडीच्या अर्थच्या पट्टीला जाडसर हिरवी तार जोडा, दोन-अडीच फुटांची लोखंडी सळई जमिनीत ठोका आणि तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओता. एरवी अशी अर्थिंग कुचकामी असते, साधा एमसीबी तिच्यावर पडणार नाही. पण गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच तोडणारा स्विच) असेल तर तो पडायला ती पुरते. म्हणून आरसीसीबी नसलेली गाडी मी कुणाच्या ताब्यात देत नाही, मालक कितीही घाई करो. तुमच्या गाडीत आहे का, हे निघायच्या आधी बघा. त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का, तेही बघा.

केबल २.५ चौरस मिलिमीटरची, तीन कोअर, तांब्याची, २५ मीटर, टोकाला १६ अँपिअरची पिन. बारीक तारेचा एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि केबल पूर्ण उलगडून टाका. रिळावर गुंडाळलेल्या केबलमधून रात्रभर दहा अँपिअर गेले तर आतले वेढे वितळतात. गुंडाळी सोडायचा कंटाळा हेच जळालेल्या केबलींचं नेहमीचं कारण आहे. रात्री प्लगवर फक्त चार्जर ठेवा. मालकाची सर्व्हिस वायर खांबापासून दीड-दोनशे मीटर लांबून आलेली असते. तिच्या टोकाला इंडक्शन शेगडी लावली तर त्याच्या घरातले दिवेही मंदावतील.

आता गाडीतल्या बॅटरीचा हिशोब. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. त्यातले दोन युनिट बिनधास्त वापरायचे. छोटे डीसी पंखे दोन, रात्री दहा तास: अर्धा युनिट. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज रात्रभर: पाव ते तिसरा हिस्सा युनिट. दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप मिळून किरकोळ. एकूण एक युनिटच्या आतबाहेर. म्हणजे लाइन रात्रभर आलीच नाही तरी तुमचं काही अडत नाही, सकाळी अर्धी बॅटरी शिल्लक. हाच हिशोब एसी लावून करा: एक टनाचा इन्व्हर्टर एसी ताशी सरासरी आठशे-हजार वॉट ओढतो, दोन-अडीच तासांत बॅटरी संपली. मे महिन्यात, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), इकडे रात्रीही पारा तिशीच्या खाली यायला मागत नाही. तेव्हा बॅटरीवर एसीची रात्र काढू म्हणणाऱ्याला मी सरळ लॉजवर खोली घ्या असं सांगतो. पण मार्चअखेरीस दिवस अडतीस-चाळीसचा असला तरी भंडारा-गोंदियाकडे रात्र बरीच उतरते. तलावाकाठी पहाटे पांघरूण ओढाल. एसी विसरा.

गरम व्हायची ती गाडी, हवा नव्हे. दिवसभर तापलेला पत्रा रात्री दहापर्यंत उष्णता आत सोडत राहतो. पाचच्या सुमारास पोहोचलात की सगळी दारं-खिडक्या आणि छताचा पंखा उघडून तासभर गाडी रिकामी सोडा. छतावर दोन बादल्या पाणी मारलंत तर फरक लगेच कळतो. छोटा कूलर नेत असाल तर तो खिडकीत बाहेरच्या हवेवर लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद गाडीत कूलर चालवला तर आत दमट भट्टी होते. आणि कूलर रात्री वीस-तीस लिटर पाणी पितो, ते पाण्याच्या हिशोबात धरा. डासांच्या जाळ्या प्रत्येक उघडणाऱ्या खिडकीला, छताच्या पंख्यालासुद्धा. तलाव, वर उन्हाळी धानाच्या भरलेल्या बांध्या. मलेरियाचा पट्टा आहे, त्यात कसूर नको.

जमिनीकडे येतो. मुरमाचं मैदान असेल तर प्रश्नच मिटला. पण "मैदान" म्हणजे गेल्या हंगामातली धानाची बांधी सपाट केलेली असू शकते. वरून कडक दिसते, खाली तलावाच्या झिरप्याने ओल असते. उतरून बघा. लोखंडी सळई अंगाचा भार देऊन टोचा. सहज बोटभर-दोन बोटं जात असेल तर गाडी पुढे नेऊ नका. वाटेत वऱ्हाडात कुठे थांबलात तर काळ्या मातीला हाच नियम दुप्पट. कोरडी असताना ती भेगाळलेली आणि दगडासारखी असते, पण अर्ध्या तासाच्या अवकाळी पावसात फुगते, टायरला थरावर थर चढतात आणि चाक जागच्या जागी फिरतं. मार्चमध्ये गारपिटीसह अवकाळी येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. म्हणून आभाळ असो-नसो, गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून, मैदानाच्या सगळ्यात उंच आणि रस्त्याजवळच्या कडेला लावायची. तलावाचं दृश्य खुर्ची टाकून बघता येतं, त्यासाठी गाडी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढवायची गरज नाही. आणि ती पाळ मातीची आहे, तिच्यावर एवढं ओझं गावकऱ्यांना आवडणारही नाही.

फसलीच तर रेस करू नका, चाक आणखी खाली जातं. तणसापेक्षा (धानाच्या पेंढ्यापेक्षा) बारदान्याची पोती चाकाखाली चांगली धरतात, दोन-चार सोबत ठेवा. ट्रॅक्टर गावात मिळतोच. ओढायचं तर पुढच्या टोइंग हूकला, सरळ रेषेत, झटका न देता. ट्रॅक्टरवाले उत्साही असतात, साखळी बंपरला अडकवू पाहतात. तिथे तुम्ही स्वतः उभे राहा.

झाडाची सावली बघून गाडी लावताना कोणतं झाड ते विचारा. बाभळीखाली नको, काटे टायरमध्ये जातात. जुन्या वाळक्या फांद्यांखाली नको, संध्याकाळी वावटळ सुटली की त्या येतात. आणि मोहाखाली तर अजिबात नको. मार्चअखेर म्हणजे मोहफुलांचा ऐन बहर. फुलं रात्रीतून पहाटेपर्यंत गळतात. ती वेचायला अंधारातच बायामाणसं टोपल्या घेऊन येतात आणि त्यांच्याही आधी अस्वल येऊ शकतं. नागझिऱ्याच्या परिसरात अस्वल आहे, बिबट आहे, वाघ आहे. घाबरवत नाही, गावं त्यांच्यासोबतच नांदतात. पण गावकरी रात्री अकरानंतर जसे उगाच हिंडत नाहीत, तसं तुम्हीही हिंडू नका. वडिलांना रात्री उठावं लागत असेल तर त्यांच्यासाठी गाडीतच सोय हवी. मैदान ओलांडून संडासापर्यंत त्यांना एकट्याने जाऊ देऊ नका. टॉर्च हातात, पायात बूट, आणि बूट रात्रभर गाडीच्या आत. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही. केबल आत घेतलेलं भोक, सांडपाण्याचा पाइप, फरशीतली झाकणं फडक्याने गच्च बुजवा. कुणाला काही चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिक-बिंत्रिक नको, १०८ ला फोन किंवा थेट साकोलीचं सरकारी रुग्णालय. सर्पदंशावरचं प्रतिविष सरकारी दवाखान्यातच मिळायची खात्री जास्त.

संडासाबद्दल लोक विचारायला लाजतात आणि मग सगळ्यात जास्त त्याचाच त्रास होतो. वडिलांचे गुडघे दुखत असतील आणि संडास भारतीय बैठकीचा असेल तर घडीची कमोड-खुर्ची न्या. मेडिकल दुकानात मिळते, सपाट घडी होते. सामाईक संडासात पाणी नळाने येतं की टाकीतून बादलीने न्यायचं, दिवा आहे का, रात्री कुलूप लागतं का, हे उजेडीच बघून घ्या.

गाडीतल्या कॅसेट टॉयलेटची पेटी साधारण अठरा-वीस लिटरची. तिघांना दीड दिवस जाईल, फक्त रात्रीपुरती वापरली तर त्याहूनही जास्त. ती कुठे ओतायची हा खरा मुद्दा. लहान गावात गटारवाहिनी नसते, सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा असतो. मालकाला विचारून त्याच्या संडासात हळूहळू, पाणी मारत ओतलीत तर बिघडत नाही, पण पेटीत निळं रसायन असेल तर नाही. त्या रसायनाने टाकीतले जिवाणू मरतात. मैला कुजवायचं काम तेच करतात. तुमची रात्र निघून जाते, मालकाची टाकी महिन्याभराने वास मारायला लागते आणि पुढच्या गाडीवाल्याला तो उभं करत नाही. एन्झाइमचं जैविक द्रावण वापरा किंवा नुसतं पाणी आणि लवकर रिकामी करणं. मालकाने नको म्हटलं तर पेटी बंद करून पुढे न्या. शेतात, नाल्यात, तलावाच्या काठी खड्डा करून, असलं काही सुचू देऊ नका.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो आहेत. बरेचसे कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी धानासाठी बांधलेले. साकोलीच्या पुढचा नवेगावबांधचा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. हे तलाव आजही कामाचे आहेत. पाणी धानाला जातं, मासेमारी ढीवर बांधवांच्या सोसायटीकडे असते, गुरं पाण्यावर येतात. त्यात भांडी, कपडे, गाडी, काहीही धुवायचं नाही. तुमच्या सिंकचं सांडपाणी पाइपखाली बादली ठेवून धरा आणि मालक दाखवेल त्या झाडाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात टाका. उरलेलं अन्न बाहेर फेकलंत तर रात्री रानडुकरं गाडीभोवती येतील. पहाटे वानरं येतील ती वेगळीच, तेव्हा छताची जाळी बंद ठेवा.

पाणी गाडीत साठ-सत्तर लिटर असेल तर तिघांचं एका रात्रीचं हातपाय धुणं, भांडी आणि सकाळची बादलीभर अंघोळ निघते. न्हाणीघर मालकाचं वापरायचं असेल तर प्रश्नच नाही. कॅम्पच्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी बोअरचं असणार. वापरायला ठीक, प्यायला नको. विदर्भात बऱ्याच भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. येताना शेगाव-अकोल्याकडून आलात तर खारपाणपट्टा लागेल. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी तर चवीलाच खारट, आणि गाडीच्या टाकीत, गीझरमध्ये त्याचा पांढरा थर बसतो. म्हणून तिथे गाडीची टाकी भरू नका. प्यायला आरओच्या पाण्याचे वीस लिटरचे दोन जार सोबत ठेवा. आता बऱ्याच गावांत नाणं टाकायची पाण्याची मशीन असते, तिथे जार भरून मिळतो.

स्वयंपाक. माझं ऐकाल तर त्या रात्री करू नका. मालकाच्या घरी सांगून ठेवा. ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, पाटोडीचा रस्सा, तलावातली मासोळी खात असाल तर तीही. त्याला चार पैसे होतात आणि तुमची गॅसची कटकट वाचते. तिखट बेताचं ठेवा, हे मात्र आधीच सांगा. "बेताचं" म्हणजे तुमच्या मानाने बेताचं, हेही. गॅस वापरायचाच तर घरगुती मोठा सिलिंडर गाडीत नको. पाच किलोचा, रीतसर पावतीवर घेतलेला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साचतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असलं पाहिजे. झोपताना सिलिंडरवरचाच कॉक बंद करा, शेगडीचा बंद करून भागत नाही.

वाटेबद्दल दोन शब्द. पुण्याहून साकोली आठशे किलोमीटरच्या आसपास आहे, एका दिवसात करू नका. छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्ग धरणार असाल तर मेहकरला उतरून लोणार, किंवा त्या दिशेनेच शेगाव, असा मधला मुक्काम चांगला. शेगावला संस्थानच्या भक्तनिवासात खोली घ्या आणि गाडीला एक रात्र विश्रांती द्या. समृद्धीवर कडेला गाडी थांबवून झोपायचं नसतं, हे सांगायला लागू नये. पण मी तसं करणारे पाहिले आहेत. काँक्रीट तापतं, टायर तापतात. हवा सकाळी थंड टायरला तपासा आणि भरलेली व्हॅन ऐंशी-नव्वदच्या वर नेऊ नका. निघण्याआधी पाणी, सामान, माणसं सगळं भरून एकदा धरमकाट्यावर वजन करा. नोंदणी पुस्तकातल्या एकूण वजनाच्या वर गेलात तर सामान उतरवा, टायरमध्ये जास्त हवा भरणं हा त्यावरचा इलाज नव्हे. नोंदणीवर गाडीत केलेल्या बदलांची नोंद आहे का, तेही बघा. नसेल तर विम्याच्या वेळी अडचण येते.

आणि एक गोष्ट बाहेरगावचे लोक हमखास विसरतात. समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीतही आहे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. फ्रीजमध्ये बाटल्या ठेवून वर्ध्यातून जाऊ नका.

साकोलीच्या अलीकडून गावाकडे वळाल तो रस्ता अरुंद असेल. मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर, डांबरावर बसलेली गुरं, गल्लीत खाली लोंबणाऱ्या सर्व्हिस वायरी. गाडीची उंची छतावरच्या पंख्यासकट मोजून चालकासमोर चिकटवून ठेवा. गावच्या कमानीवर उंची लिहिलेली नसते. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. पाचपर्यंत पोहोचा. उशीर होणार असेल तर अंधारात ती जागा शोधत बसू नका. महामार्गावरच्या मोठ्या पेट्रोल पंपावर मॅनेजरला विचारून, ट्रकपासून जरा बाजूला, रात्र काढा. दुसरा पर्याय बाजार समितीच्या आवाराचा: पक्का ओटा, दिवे, चौकीदार. फक्त दुसऱ्या दिवशी बाजार नाही ना ते विचारा, नाहीतर पहाटे चारला मालाच्या गाड्या तुम्हाला उठवतील.

पोहोचल्यावर मालकाला आधार कार्डाच्या प्रती द्या आणि पोलीस पाटलांना कळवायला सांगा. मोठ्या गावात ठाणेदारांच्या कानावर घातलेलं बरं. संशयाने कुणी त्रास देतं म्हणून नाही. अनोळखी गाडी तलावावर उभी आहे ही बातमी गावात दहा मिनिटांत पसरते, मग संध्याकाळी पोरं गाडी बघायला येतात. दार उघडून आतून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतर रात्रभर अख्खं गाव तुमच्या गाडीवर लक्ष ठेवतं.

सफारीच्या सकाळी घाई होते, म्हणून शक्य तेवढं रात्रीच आवरा. पेटी रिकामी करणं, टाकी भरणं, पैशांचा हिशोब, सगळं. विजेचे पैसे वेगळे विचारून द्या, मालक स्वतः मागणार नाही. सकाळी प्लग काढताना आधी गाडीतला मेन स्विच बंद, मग भिंतीवरचं बटण, मग पिन, आणि शेवटी अर्थिंगची सळई उपटा. ती जमिनीत विसरली तर कुणाच्या तरी पायात जाते. पिटेझरीला तुमची व्हॅन आत जाणार नाही, जिप्सी घ्यावी लागेल आणि व्हॅन गेटबाहेर दुपारपर्यंत उन्हात उभी राहील. गॅसचा कॉक बंद, छताचा पंखा चालू, फ्रीज बॅटरीवर. वडिलांची औषधं, विशेषतः इन्सुलिन असेल तर, गाडीत तापायला सोडू नका. फ्रीजवर विसंबू नका, थर्मासमध्ये घालून जिप्सीत सोबत न्या.